माझ्या मापाची स्टेपनी

आमच्या गुरांच्या कोठ्यात नवीकोरी स्टेपनी आडवी पडलेली होती, आणि तिच्या खोलगट मध्यात, धानाच्या तणशीच्या गादीवर, कोंबडी अंडी उबवत बसली होती. गाडीची स्टेपनी गाडीत का नाही, असं त्या दिवसांत जो येईल तो विचारायचा. आमचे हे प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "कोंबडी बसून राहिली ना जी." मी आत चुलीपाशी कपाळावर हात मारून घ्यायची.

गाडी म्हणजे आमची जुनी जीप. तिच्या मागे दोन चाकांची ट्रॉली आणि ट्रॉलीवर पाण्याची टाकी. आषाढात बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त वावरं, पाण्यानं भरल्या की आमच्या भागात ज्याला त्याला आपल्या बोडीत मासोळीचं बीज टाकायची घाई सुटते. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला राखलेलं लहानसं तळं. त्याच पाण्यावर धान पिकतं आणि त्याच पाण्यात मासोळी वाढते. हे बीज म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यांना बोटुकली म्हणतात. इटियाडोह धरणाच्या बाजूच्या बीज केंद्रातून ती टाकीत भरून आणायची आणि गावोगावच्या बोड्यांत नेऊन सोडायची, हा ह्यांचा आमच्या लग्नाआधीपासूनचा धंदा. बाकीचे दिवस ट्रॉली धानाची पोती ओढते, पण हे जिवंत होतात ते बीजाच्या दिवसांत.

टाकीला यंत्रबिंत काही लावलेलं नाही. गाडी चालली की पाणी हिंदकळतं, हिंदकळलं की त्यात हवा मिसळते आणि पिल्लं जगतात. गाडी थांबली की पाणीही थांबतं. मग पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागतात, आणि थोड्या वेळानं एकेक उलटं होऊन तरंगायला लागतं. म्हणून वाटेत चाक पंक्चर होऊन बसलं तर ते बदलायला किती वेळ लागतो, यावर आमच्याकडे सगळं अवलंबून. ह्यांचा हात फार चलाख होता. मी घाम पुसायला पदर पुढे करेपर्यंत ह्यांनी चाक चढवलेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात ह्यांचं हर्नियाचं दुसरं ऑपरेशन झालं. पहिल्याच्या वेळी डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, बरं वाटल्याबरोबर धानाचं पोतं उचललं आणि पुन्हा जागच्या जागी आले. या खेपेला गोंदियाच्या डॉक्टरांनी ह्यांच्याशी बोलणंच सोडलं आणि माझ्याकडे पाहून सांगितलं, "गाडी चालवू द्या. पण भरलेली बादलीसुद्धा उचलू द्यायची नाही. यापुढे कधीच नाही."

घरी आल्यावर हे दिवसभर छपरीत बसून ट्रॉलीकडे पाहत राहायचे. मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याचा फोन आला की एकच पालुपद, ट्रॉली विकून टाका, नाहीतर सोबतीला एक माणूस ठेवा. माणूस! बीजाचे दिवस आणि रोवणीचे दिवस एकच. धानाची रोवणी लागली की आमच्याकडे अख्खं गाव गुडघाभर चिखलात उतरलेलं असतं. तेव्हा एखाद्याला पाणी मागितलं तरी तो हात दाखवतो, चिखलानं भरलेला. त्या दिवसांत गाडीवर बसायला माणूस कुठून आणायचा?

"ज्याले चाक बदलवता येत नाही, त्यानं बीज ओढू नये," हे एकदा जेवताना म्हणाले. "जीव आहेत ते. रस्त्यात मारायचे का?"

म्हणजे ट्रॉली जाणार.  ट्रॉली गेली की हा माणूस बसल्या जागी म्हातारा होणार, हे मला दिसत होतं. मला छपरीत बसलेला नवरा नको होता. पहाटे टाकी धुताना शिट्टी वाजवणारा, आणि शिट्टी कशाला वाजवता म्हटलं की आणखी जोरात वाजवणारा नवरा मला हवा होता. पण हे बोलायचं कसं? आमच्या पिढीला भांडता येतं, हे बोलता येत नाही.

म्हणून उन्हाळा सरता सरता मी वेगळ्याच वाटेनं गेले. जीपच्या खाली लटकवलेली जुनी स्टेपनी काढून पाहिली होती. तिला माझ्या टाचांसारख्या भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, ट्रॉली विकायची तर विका, पण जीप तर राहणार ना? चला, स्टेपनी घेऊन येऊ.

गोंदियाच्या टायरवाल्यानं मला खुर्ची दिली, थंडा मागवला आणि मग माझ्याकडे पाठ करून ह्यांना घासून गेलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेलं एक चाक दाखवलं. "ये ले जाओ भैया. स्टेपनी ही तो है, कौन सा रोज़ चलाना है?"

"रोज नाही चलाना, इसीलिए तो चांगला पायजे," हे म्हणाले. गोंदियात गेलं की ह्यांची हिंदी अशीच चालते, अर्धी जीप अर्धी बैलगाडी. "जिस दिन लगेगा, उस दिन पीछे टाकी रहेगी."

मग ह्यांनी त्याला समजावलं, आणि खरं म्हणजे मलाच. गाडी मागे काही ओढत असली की ट्रॉलीचा पुढचा भार जीपच्या मागच्या चाकांवर दाबतो. त्या जागी कमी ताकदीचं चाक लावलं तर ते पुढच्या गावापर्यंतही जात नाही. बाकीच्या चाकांएवढंच माप हवं, आणि तेवढाच भार घेणारं हवं. आमच्या ट्रॉलीला ह्यांनी बनवतानाच जीपच्याच मापाची चाकं बसवून घेतली होती, म्हणजे एकच स्टेपनी दोघींनाही चालावी. टायरच्या अंगावर तो कधी बनला ते छापलेलं असतं, तेही ह्यांनी चष्मा लावून वाचलं. "पडून राहिला तरी टायर म्हातारा होते वो," मला म्हणाले. हे टायरबद्दल होतं की आणखी कुणाबद्दल, मी विचारलं नाही.

पसंत पडलेल्या चाकाला दुकानदार लिंबू-मिरची बांधायला निघाला. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, लिंबू फक्त वरणात. हे म्हणाले, "लिंबू राहू दे. हवा थोडी जास्तच भर. रस्त्यात जास्तीची सोडता येते, कमी असली तर भरायची कुठून?"

आणि मग सवयीनं चाक उचलायला वाकले. मी मागून सदऱ्याची कॉलर धरली. भर दुकानात! दुकानदारानं कामगाराला हाक मारली, पण तो कुठे चहाला गेला होता. मी पदर खोचला, चाक मांडीवर घेतलं आणि जीपमध्ये सरकवलं. मी बरीच वर्षं शाळेत खिचडी शिजवली आहे. शाळेचं पातेलं चुलीवरून उतरवलेल्या बाईला चाकाचं काय कौतुक? दुकानदार बघत राहिला. हेही बघत राहिले, पण वेगळ्या नजरेनं. 

स्टेपनी आली, पण ठेवायची कुठे? जीपखाली लटकवली तर मागे ट्रॉली जोडलेली असताना काढायला चिखलात पाठीवर झोपावं लागतं. मागच्या दारावर लावली तर ट्रॉलीचं तोंड आणि दार एकमेकांना भिडतात. टपावर टाकली तर उतरवणार कोण? असून अडचण, नसून खोळंबा. ही म्हण ज्यानं काढली त्याच्याकडे स्टेपनी असणारच. तोडगा निघेपर्यंत चाक कोठ्यात आडवं टाकलं, आणि तीन-चार दिवसांत आमच्या खुडूक कोंबडीनं त्याचा ताबा घेतला.

मी म्हटलं, तिला टोपलीत हलवते. हे अंगावरच आले. "उठवू नोको! उठवलेली कोंबडी मंग बसत नाही. पिल्लं निघू दे." स्वतःवर बसून राहायची वेळ आल्यापासून ह्यांना बसलेल्यांची फार कणव आली होती. रोज सकाळी तिच्यापुढे कण्या टाकायचे. वर तिच्याशी गप्पा.

पिल्लं निघायच्या आधीच केंद्रातून फोन आला, बीज तयार आहे, या. आणि ट्रॉली विकायची म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्यानं फोनवर "हव जी, येतो" म्हणून टाकलं. सवयीचा माणूस! फोन ठेवल्यावर दोघांनाही आठवलं, स्टेपनीवर कोंबडी आहे. मी तिच्या पिसांना हात घालायला निघाले तर हे कोठ्याच्या दारात आडवे उभे. शेवटी आम्ही तसेच निघालो, स्टेपनीशिवाय, मागे टाकीभर जीव घेऊन. ह्या मूर्खपणाला दुसऱ्या कुठल्या गावात कुणी माफ केलं नसतं. आमच्या शेजारणीनं मात्र "बरं केले, अंडे खराब झाले असते" म्हणून सांगितलं.

त्या दिवशी काहीही झालं नाही. हे खड्डे चुकवत, जीव मुठीत धरून चालवत होते आणि मी मागच्या काचेतून टाकी बघत होते. बीज सुखरूप बोडीत पडलं. परतीच्या वाटेवर नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलात, ह्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, चाक बसलं. चाक ठीक होतं. हे स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"स्टेपनी असती, तरी मी काय केलो असतो?" हे म्हणाले. "उभा राहून पाह्यलो असतो. ते मरत गेले असते अन् मी पाह्यत." डोळे भरले होते. "हे शेवटचं बीज वो. आता नाही."

मी ह्यांना फार क्वचित रडताना पाहिलं आहे. मलाही रडता आलं असतं. पण दोघांनी एकाच वेळी रडायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

"मले शिकवा," मी म्हटलं.

"का?"

"चाक बदलवाले. अजून का?"

"तू? तू बदलवशील?"

"मंग का शेजारणीले शिकवता?"

ह्यांना हसू आलं. ओल्या डोळ्यांनीच हसले.

मग आमच्या अंगणात शाळा भरली. आधी जीपच्या चाकाला दगड लाव. जॅकखाली फळी घाल, आपल्याकडची माती पाण्याच्या दिवसांत विश्वास ठेवण्यासारखी नसते. नट आधी ढिले कर, मग गाडी उचल, उलटं केलंस तर चाक नुसतं फिरत राहील. हातानं नट हलत नसेल तर पान्यावर पाय ठेवून उभी राहा. हे खाटेवर बसून सांगायचे आणि मी करायची. चुकलं की ओरडायचे. मी पाना खाली टाकून आत निघून जायची. मग हे चहा घेऊन यायचे, स्वतः केलेला, त्यात साखर नेहमी जास्त. लग्नाला इतकी वर्षं झाली पण ह्यांनी माझ्या हाताकडे इतकं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडायला लागलं होतं, हेही सांगून टाकते.

एका सकाळी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. मागून ह्यांचा आवाज आला, "हालू नोको." पाहते तर हातात सुतळी. एक टोक जमिनीला पायानं दाबलेलं, आणि माझ्या कमरेपाशी सुतळीला गाठ मारत होते.

"हे कायले?"

"काही नाही वो. कामाचं आहे."

मला वाटलं, कपड्यांची दोरी खाली बांधायची असेल. कोंबडीची पिल्लं निघाली, ती आईमागे अंगणात उतरली, त्याच दिवशी हे स्टेपनी आणि ट्रॉली वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेले. चाक धुऊन, हवा पुन्हा तपासून. परत आले तेव्हा ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर एक लोखंडी खांब उभा होता आणि त्याला स्टेपनी टांगलेली. मी म्हटलं छान आहे, आणि शेणाची टोपली घेऊन पुढे गेले.

चाक बसलं ते पुढच्या खेपेला. इटियाडोहच्या कालव्याच्या कडेनं येत होतो, मागून फटफट आवाज आला. ट्रॉलीचं डावं चाक. पाऊस थांबून ऊन पडलेलं. रस्त्याला लागून बांधीत बायकांची रोवणी चालू होती. हे उतरले आणि क्षणभर चाकाकडे पाहत नुसते उभे राहिले. मला जंगलातला तो दिवस आठवला. मग हे वळले, ट्रॉलीच्या उजव्या कडेच्या फळीवर चढले, टाकीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि पाणी ढवळायला लागले.

मी दगड लावला. फळी, जॅक. पान्यावर पाय देऊन उभी राहिले, नट करकरला आणि सुटला. जॅकवर भार नको म्हणून हे वरून खाली उतरले, जॅक चढेपर्यंत कडेलाच उभे राहून हात लांबवून पाणी हलवत राहिले. मग मी स्टेपनी काढायला खांबाकडे गेले. नट सोडला आणि चाक माझ्या दोन्ही हातांत आलं. मला वाकावं लागलं नाही, हात वर करावे लागले नाहीत. चाक माझ्या पोटाला टेकून मांडीवरून अलगद जमिनीवर उतरलं. तेव्हा ती सुतळी मला कळली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाण्याकडे पाहत होते.

एवढ्यात रोवणीतल्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक म्हातारी, तोंडात तंबाखू, बांधावर येऊन ठसक्यात म्हणाली, "का जी भाऊ, बाईले चाकाले लावून तुमी पाणी खेळून राहिले?"

बाकीच्या खिदळल्या.  ह्यांना ह्याचीच भीती होती, मला माहीत होतं. मी तोंड उघडलं, ऑपरेशनचं सांगायला.

हे माझ्या आधी बोलले. हात पाण्यातून न काढता. "चाकाचं काम तिचं आहे, आजी. माह्याकडे पाणी."

"असं का!" म्हातारी म्हणाली. मग पदर खोचून रस्त्यावर आली, टाकीत डोकावली. "अगं बाई, पिल्लं आहेत ना!" आणि तिनंही चिखलाचे हात कालव्यात धुऊन दुसऱ्या बाजूनं टाकीत घातले. दोघं समोरासमोर पाणी ढवळत राहिले आणि मी चाक चढवलं. ह्यांच्याएवढं झटपट झालं नाही. पण झालं. बसलेलं चाक खांबावर टांगायला दोन बायकांनी मला हात लावला.

बोडीवर पोचलो तेव्हा थोडी पिल्लं उलटी झाली होती, ती ह्यांनी ओंजळीनं बाजूला काढली. बाकीची, जवळजवळ सगळीच, बोडीच्या पाण्यात सुळकन गेली. मी काठावर बसले होते. माझे हात वंगणानं काळे, ह्यांचे पाण्यानं पांढरे, सुरकुतलेले. ह्यांनी काठची चिकणमाती घेतली, माझे हात पाण्यात धरले आणि चोळून चोळून धुतले. बोडीचा मालक समोर उभा होता तरी.

घरी आल्यावर मी तो खांब पहिल्यांदा नीट पाहिला. स्टेपनी जिथं टांगली होती त्याच्या खाली, वीतभर खाली, आणखी एक भोक पाडून घेतलेलं होतं. नवं, रिकामं, कडा अजून चमकणाऱ्या.

"हे खालचं कायले?"

हे टाकी धूत होते. "तू म्हातारी होशील ना वो. वाकशील. मंग वरचं पुरत नाही. तवा खालच्यात घालू."

मी खांबाला धरून उभी राहिले. ट्रॉली विकायचं कुणी कधी म्हणालं तरी होतं का, असं मला वाटून गेलं.

"अन् तुमी?" मी विचारलं.

"मी पाणी हालवीन," हे म्हणाले, आणि शिट्टी वाजवायला लागले.